आपल्या भागात सगळ्यात आधी कोण राहत होतं, हे कसं शोधतात आणि आपण त्यात काय करू शकतो

आमचं गाव किती जुनं असं विचारलं की बहुतेक ठिकाणी उत्तर शिवकाळापर्यंत जातं, फार झालं तर यादवांपर्यंत, आणि त्याच्या मागे गेलं की एकदम पांडव येतात. लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली, डोंगरावरचा दगड भीमाने फेकला. या गोष्टी मला मनापासून आवडतात, म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून लिहूनही ठेवाव्यात. पण होतं काय की नदीकाठी मातीचं घर बांधून जव पेरणारी, तांब्याची कुऱ्हाड वापरणारी, तान्हं मूल गेलं तर घरातल्याच जमिनीखाली पुरणारी जी माणसं इथे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी राहून गेली त्यांचा विषयच कुणी काढत नाही. त्यांनी काही लिहून ठेवलं नाही ना. मग पुरातत्त्ववाल्यांना त्यांच्याबद्दल इतकं सगळं कळतं कसं, आणि आपल्यासारख्या साध्या माणसाला स्वतःच्या तालुक्यात त्यातलं काय करता येईल, ते इथे सांगतोय. उदाहरणं सगळी आपल्याकडचीच घेतलीत म्हणजे जाऊन बघता येतील.

एक गोष्ट सुरुवातीलाच. यात कुठेही खणायचं नाहीये. कुदळ नको, मेटल डिटेक्टर तर अजिबात नको. का नको ते दायमाबादच्या भागात कळेल.

आधी घरी बसून करायचं काम

पहिलं काम म्हणजे आपल्या तालुक्यात आधी कुणाला काय सापडलंय ते बघणं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण म्हणजे एएसआय १९५३-५४ पासून दरवर्षीचा एक अहवाल काढत आलंय, 'इंडियन आर्किऑलॉजी: अ रिव्ह्यू' नावाचा, त्याच्या पीडीएफ नेटवर फुकट मिळतात. त्यात जिल्हावार दोन-दोन तीन-तीन ओळींच्या नोंदी असतात, अमुक नदीच्या काठी अमुक गावाजवळ जुनी खापरं मिळाली, दगडी हत्यारं मिळाली वगैरे. गावांची स्पेलिंग जुन्या पद्धतीची असतात त्यामुळे सर्च करून सापडत नाही, सरळ जिल्हा बघून वाचत जावं लागतं, वेळ जातो पण मजा येते. त्याच्या जोडीला जुनी जिल्हा गॅझेटियर्स. आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने किंवा नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन इतिहास विभागाने तुमच्या भागात काही काम केलंय का ते बघा, बऱ्याचदा केलेलं असतं आणि गावाला पत्ता नसतो.

मग नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट घ्या किंवा सॅटेलाइट इमेज उघडा आणि नद्यांवरून बोट फिरवत जा. महाराष्ट्रातली सगळ्यात जुनी शेतकरी गावं तापी, गोदावरी, प्रवरा, भीमा, घोड अशा नद्यांच्या आणि त्यांच्या उपनद्यांच्या काठाने आहेत, जिथे काळी जमीन आहे आणि उन्हाळ्यातही डोहात पाणी टिकतं तिथे. काठावरचं उंच टेकाड, दोन नद्यांचा संगम, किंवा काळ्याभोर शेतांच्या मधेच फिकट राखाडी रंगाचा डाग दिसला तर तिथे खूण करून ठेवा.

तो फिकट डाग म्हणजे बहुतेक वेळा पांढर. गावात विचारलं तर लगेच सांगतील. काळी म्हणजे शेतीची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षांची चुलीची राख, पडलेल्या मातीच्या भिंती, शेण, हाडं, कचरा, सगळं एकावर एक साठून ती माती तशी झालेली असते. धाब्याच्या घरावर टाकायला आणि शेताला खत म्हणून लोक पिढ्यान्पिढ्या पांढरीची माती गाड्या भरून नेत आले, त्यात कितीतरी टेकाडं सपाट झाली. म्हणून म्हाताऱ्यांना विचारायचे प्रश्न सरळ असावेत, पांढर कुठे आहे, माती कुठून आणायचे, नांगरताना खापरं कुठे निघतात, गावठाण आधी दुसरीकडे होतं का. इथे कुणालाही 'तुमच्या गावचा इतिहास सांगा' असं विचारू नका, मग पांडवच येणार. गुराखी, कुंभार आणि विहीर खोदणारे यांना जमिनीचं जेवढं माहीत असतं तेवढं कुणालाच नसतं असं माझं मत आहे.

पायी फिरणं आणि खापर वाचणं

फिरायला चांगला काळ म्हणजे रब्बीचं पीक निघाल्यावर नांगरट झाली की, किंवा पहिला जोरदार पाऊस पडून माती धुऊन गेली की. शेतमालकाला विचारूनच आत जायचं हे सांगायला नकोच. चार-पाच पावलांचं अंतर ठेवून सरळ रेषेत चालायचं, मान खाली.

सोनंनाणं शोधायचं नाही, खापरं शोधायची. मातीचं भांडं फुटतं पण त्याचा तुकडा हजारो वर्षं कुजत नाही, आणि प्रत्येक काळातली भांडी करायची, भाजायची, रंगवायची रीत वेगळी, म्हणून पुरातत्त्ववाल्यांचं निम्मं काम खापरांवर चालतं. आपल्याकडचे मुख्य प्रकार ओळखायला फार अवघड नाहीत. लाल-नारिंगी, त्यावर काळ्या रंगाने रेघा-चौकटी काढलेल्या, पातळ, चांगलं भाजलेलं आणि टिचकी मारली की खणखणीत वाजणारं खापर मिळालं तर ते जोर्वे पद्धतीचं असू शकतं. जोर्वे हे संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठचं गाव, तिथे १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं आणि गावाचं नाव त्या सगळ्या संस्कृतीलाच मिळालं. तोटीची भांडी आणि मधे कंगोरा असलेले वाडगे ही त्यांची खासियत, काळ साधारण इ.स.पू. १४०० ते ७००. आतून काळं आणि बाहेरून लाल असं खापर लोहयुगातही दिसतं आणि सातवाहन काळातही, त्यामुळे त्या एकट्यावर निकाल देता येत नाही, बाजूला काय आहे ते बघावं लागतं. हातभर लांब जाड विटा, भोकं असलेली कौलं दिसली तर सातवाहन काळ, म्हणजे दोन हजार वर्षांच्या आसपास. आणि चकचकीत रंगीत काचेसारखा लेप असेल तर बरंच अलीकडचं.

दगड ओळखायला जास्त सराव लागतो. आपला काळा बेसॉल्ट सगळीकडे आहेच, पण शेतात एकाच जागी गारगोटी, चर्ट, कॅल्सिडनी असल्या गुळगुळीत दगडांचे पातळ, ब्लेडसारखे, दोन्ही कडा समांतर असलेले छिलके खूप सापडायला लागले तर ते माणसाने काढलेले असण्याची शक्यता मोठी. नदीत आपटून फुटलेला दगड कसाही वेडावाकडा फुटतो. माणसाने छिलका काढला की घाव बसला तिथे एक छोटा फुगवटा राहतो, आणि ज्या दगडातून छिलके काढले त्या गाभ्यावर शेजारी शेजारी खाचा दिसतात. एखादाच मिळाला तर शांत राहा, एका जागी वीस मिळाले तर लक्ष द्या.

आणि मिळालं तर उचलायचं नाही. जागेवरच फोटो काढायचा, बाजूला मोजपट्टी किंवा पेन ठेवून, मोबाइलवर लोकेशन ऑन करून, मग थोडं लांबून सगळ्या शेताचा एक फोटो. वहीत गट नंबर, तारीख, नांगरट किती खोल होती, किती अंतरात खापरं पसरली होती ते लिहायचं. जिथे काहीच मिळालं नाही ते शेतसुद्धा लिहायचं, हे फार महत्त्वाचं आहे कारण वस्ती कुठे संपत होती ते त्याच्यावरूनच कळतं.

वस्तूपेक्षा ती कुठे होती हे का महत्त्वाचं

दायमाबाद, श्रीरामपूर तालुका, पुन्हा प्रवराकाठ. १९७४ साली तिथे एका शेतकऱ्याला झाडाची मुळं काढताना काशाच्या चार वस्तू मिळाल्या, दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस, चारही मिळून साठ किलोच्या वर वजन. भारतात त्या काळातलं इतकं जड आणि देखणं धातुकाम क्वचितच मिळालंय, फोटो बघितला तरी अंगावर काटा येतो. मग तिथे मोठी उत्खननं झाली, एस. आर. राव आणि नंतर एस. ए. साळी यांनी केली, आणि एकाखाली एक पाच काळांच्या वस्त्या निघाल्या, सावळदा, उत्तर हडप्पा (म्हणजे हडप्पा संस्कृतीचा शेवटचा टप्पा), दायमाबाद, माळवा आणि वर जोर्वे, म्हणजे साधारण इ.स.पू. २२०० ते १००० असा हजार-बाराशे वर्षांचा हिशोब.

पण त्या चार वस्तू त्यातल्या कुठल्या थरातल्या? तिथेच अडतं. त्या उत्खननात मिळालेल्या नाहीत, त्यांच्या आजूबाजूची माती कुठल्या काळाची होती ते कुणी तेव्हा बघितलेलं नाही. बऱ्याच अभ्यासकांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे चार हजार वर्षांच्या आसपासच्या मानल्या, काहींनी धातूतलं आर्सेनिकचं प्रमाण दाखवून त्या बऱ्याच नंतरच्या असतील अशी शंका घेतली. त्या शेतकऱ्याची यात काहीच चूक नाही, त्याने उलट त्या वितळवल्या नाहीत हे आपलं नशीब. पण याउलट त्याच टेकाडातलं पाच काळांमधलं साधं मडक्याचं खापर घ्या, ते किती जुनं ते ठामपणे सांगता येतं कारण ते कुठल्या थरात होतं याची नोंद आहे.

थर वाचायची रीत म्हणजे खालचं जुनं, वरचं नवं. चौकोनी खड्डा खोदत जायचा, मातीचा रंग आणि पोत बदलला की नवा थर, प्रत्येक थरातल्या वस्तू वेगळ्या पिशवीत, आणि खड्ड्याची भिंत सरळ ठेवून तिचं चित्र काढायचं. गोंधळ करतात ते उंदीर, झाडाची मुळं आणि नंतरच्या लोकांनी खणलेली बळदं. वरच्या काळातल्या माणसाने धान्यासाठी खड्डा केला की त्याची वस्तू चार थर खाली जाऊन बसते, म्हणून खड्ड्याची कड ओळखणं ही खरी कारागिरी. नेवाशाला हे फार सुंदर दिसतं. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली तेच नेवासे, तिथे १९५४ पासून झालेल्या उत्खननात नदीच्या गोट्यांच्या थरात अश्मयुगातली हत्यारं, वर ताम्रपाषाण काळातलं, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हीची हत्यारं वापरायचे त्या काळातलं गाव, मग मोठी गॅप म्हणजे त्या जागी शेकडो वर्षं कुणीच राहत नव्हतं, मग सातवाहन, मग मध्ययुग. ती गॅपसुद्धा इतिहासच आहे, लोक गेले का आणि कुठे हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

वय काढायचं कसं

लोक सगळ्यात जास्त हे विचारतात. कार्बन डेटिंग फक्त कधीकाळी जिवंत असलेल्या गोष्टीचं होतं, कोळसा, जळका दाणा, हाड, शिंपला. प्राणी किंवा झाड मेलं की त्यातला कार्बन-१४ कमी होत जातो, ५,७३० वर्षांत निम्मा, आणि साधारण ५०,००० वर्षांच्या पुढे मोजण्याइतका राहतच नाही. म्हणजे मूर्तीचं, दगडी कुऱ्हाडीचं, लेण्याचं कार्बन डेटिंग केलं असं कुणी फॉरवर्ड पाठवलं तर सरळ दुर्लक्ष करा, दगडाचं होत नाही. त्याच्याबरोबर त्याच थरात मिळालेल्या कोळशाचं होतं, आणि पुन्हा गाडी थरावरच येते. कोळशाचंही एक आहे, म्हाताऱ्या झाडाच्या आतल्या लाकडाचा असला तर वय जास्त निघतं, म्हणून आता जळके धान्याचे दाणे जास्त पसंत करतात, दाणा एका हंगामाचाच असतो. आणि प्रयोगशाळेचा आकडा जसाच्या तसा वापरत नाहीत, हवेतलं कार्बनचं प्रमाण काळाप्रमाणे बदलत आलंय त्याची दुरुस्ती करतात, त्यामुळे जुन्या पुस्तकातली तारीख आणि नव्या पुस्तकातली तारीख यात शंभर-दोनशे वर्षांचा फरक दिसला तर घाबरू नका.

त्याहून मागे गेलं की दुसऱ्या पद्धती लागतात आणि वाद वाढतात. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवर बोरी गाव आहे, तिथे नदीच्या कापलेल्या काठात ज्वालामुखीच्या राखेचा थर दिसतो आणि त्याच्या संगतीने आदिमानवाची दगडी हत्यारं. राखेचं वय कळलं की हत्यारांचं कळणार. एका मोजणीत ते १४ लाख वर्षं आलं, दुसऱ्या मोजणीत पावणेसात लाखांच्या जवळ, आणि राखेची रासायनिक जुळणी करणाऱ्यांनी सांगितलं की ही सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची ७५,००० वर्षांपूर्वीची राख. वाचणाऱ्याला वाटतं यांना काहीच कळत नाही. मला वाटतं हे असं उघड भांडणं हीच या शास्त्राची ताकद आहे, प्रत्येक जण आकडा कसा काढला ते टेबलावर मांडतो आणि दुसऱ्याला तो तपासता येतो.

इनामगाव, म्हणजे कचऱ्यातून माणूस कसा उभा राहतो

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव. १९६८ पासून पुढची पंधराएक वर्षं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी, सांकलिया, म. के. ढवळीकर, अन्सारी आणि बरोबरची मोठी टीम, तिथे खोदकाम केलं. एक-दोन खड्डे घेऊन थांबले नाहीत, आडवं पसरून खोदलं, १३० च्या वर घरं आणि अडीचशेच्या वर दफनं निघाली. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातलं अख्खं गाव. एकच गोष्ट सविस्तर वाचायची असेल तर ही वाचा असं मी कुणालाही सांगेन.

घरांचा नकाशा बघा. आधीच्या काळात चौकोनी, ऐसपैस, अंगण असलेली घरं, आणि शेवटच्या काळात छोट्या गोल झोपड्या जवळजवळ कोंबलेल्या. मधल्या काळातलं एक घर पाच खोल्यांचं, शेजारी धान्य साठवायची जागा, त्यावरून तिथे गावाचा प्रमुख राहत असावा आणि धान्य त्याच्याकडे जमा होत असावं असा अंदाज. नदीचं पाणी वळवायला खोदलेला पाट आणि बांधही निघालाय, तो काही एका घराने खोदला नसणार, म्हणजे सगळ्यांना कामाला लावणारं कुणीतरी होतं.

खाणं कसं कळतं? मातीचे नमुने पाण्यात टाकून ढवळतात, जळके दाणे हलके असतात ते वर तरंगतात, ते चाळणीने गोळा करून सुकवून मायक्रोस्कोपखाली बघतात. जव, गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ अशी यादी त्यातून आली. हाडांवरून जनावरं, गाई-बैल, शेळ्यामेंढ्या, हरणं. हाडावर सुरीच्या खुणा असतात, कुठल्या वयाची जनावरं मारली ते दातांवरून कळतं, बैल म्हातारा होईपर्यंत ठेवला असेल तर तो नांगराला-गाडीला होता आणि कोवळाच मारला असेल तर मांसासाठी. शंखाच्या बांगड्या मिळाल्या म्हणजे समुद्रकाठाशी संबंध होता. तांबं मिळालं, आपल्या काळ्या दगडाच्या पठारात तांब्याच्या खाणी नाहीत, म्हणजे तेही लांबून कुठूनतरी येत होतं.

आणि मग दफनं. लहान मुलांना दोन राखाडी मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडून त्यात ठेवायचे आणि घराच्या जमिनीखाली पुरायचे. मोठ्यांना खड्ड्यात, डोकं उत्तरेला, आणि घोट्याच्या वर पाय तोडलेले. का तोडले ते ठाम सांगता येत नाही, मेलेला माणूस परत चालत येऊ नये किंवा कुठे जाऊ नये अशी कल्पना असावी असा अंदाज करतात. त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र एक पुरुष चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवलेला मिळाला आणि त्याचे पाय शाबूत. इथे माझा हात थांबतो नेहमी. ज्यांची भाषा माहीत नाही, नाव माहीत नाही, त्यांच्यात मानाचा माणूस कोण होता हे तीन हजार वर्षांनी पायाच्या हाडांवरून कळतंय.

इनामगावचा शेवट का झाला यावर ढवळीकरांचं म्हणणं असं की इ.स.पू. १००० नंतर पाऊस कमी झाला, शेती बसली, लोक गुरं-शिकारीवर आले, म्हणून गोल झोपड्या. पुढे मुलांच्या हाडांचा आणि दातांचा नव्याने अभ्यास झाला, त्यात लेकरांचे हाल दिसतात, पण सगळं दुष्काळावर ढकलण्याएवढा पुरावा आहे का असाही प्रश्न विचारला गेला. तुम्ही वाचाल तेव्हा ही सवय लावून घ्या, पुरावा कुठे संपतो आणि अर्थ लावणं कुठे सुरू होतं तिथे पेन्सिलने रेघ मारा. गोल झोपड्या हा पुरावा. दुष्काळ हा अर्थ.

शेती सुरू व्हायच्या आधीचे

चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघा कोरलेला कवचाचा तुकडा मिळालाय, साधारण २५,००० वर्षांपूर्वीचा. म्हणजे खानदेशात शहामृग होते, आणि नक्षी काढावीशी वाटणारी माणसं होती.

कोकणात आणखी वेगळं. रत्नागिरी, राजापूर, सिंधुदुर्ग आणि गोव्यात जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, जमिनीतच खोदलेली चित्रं, कातळशिल्पं. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटरचा आहे आणि त्याच्या पोटात बाकीचे प्राणी कोरलेत, बारसूला दोन वाघांच्या मधे माणूस, गोव्यात कुशावती नदीकाठी उसगाळीमळला चक्रव्यूह. यातली बरीच नोंद रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या हौशी लोकांनी गावोगाव फिरून, लोकांना विचारून केली आणि २०२२ मध्ये ही स्थळं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. पण वय? कोरलेल्या कातळाचं थेट वय काढायला काही हाती नाही, उघड्या सड्यावर थरही नाहीत. मग आडून जायचं. आता तिथे नसलेला गेंडा चित्रात आहे, शेतीची चित्रं दिसत नाहीत, आसपास बारीक दगडी हत्यारं मिळतात, म्हणून शेतीपूर्व काळ असावा असा तर्क. तर्क चांगला आहे, तरी तारखेसारखा वापरू नये.

विदर्भात राहत असाल तर शेतात नांगर न घातलेली दगडांची गोल वर्तुळं बघा. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथे अशी लोहयुगातली दफनं आहेत, माणसाबरोबर घोडेही, त्यांच्या तोंडावर तांब्याचे दागिने, आणि नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली. वर्तुळातले दगड बांधाला वापरून टाकतात लोक, त्यामुळे दिसलं की आधी फोटो.

लिखाण सुरू झालं तरी

अशोकाच्या लेखांत रठिक, भोज, पेतेनिक अशी दख्खनकडच्या लोकांची नावं येतात, तिथून पुढे आपल्याला नावं मिळायला लागतात. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, कोणते यज्ञ केले, किती गाई-घोडे दान दिले. राजा-राणी जे सांगतात ते अर्थात त्यांच्या सोयीचं असतं, म्हणून अशा लेखात मी जाता जाता आलेल्या गोष्टी आधी बघतो. नाशिकच्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात लिहितो की ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) विणकरांच्या श्रेण्यांकडे ठेवले, त्यातले २,००० महिना एक टक्का व्याजाने, आणि त्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कपड्यांसाठी. हिशोब करा, वर्षाचं व्याज २४०, वीस गुणिले बारा, २४०. तंतोतंत. त्याचा उद्देश दान मिरवायचा होता, पण आपल्याला कळलं की गोवर्धन म्हणजे नाशिकजवळ विणकरांची संघटना होती आणि ती ठेवी घ्यायची.

लेखाला नाण्यांची साथ मिळाली की मग विश्वास बसतो. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, नायनाट केला असं त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख सांगतो, आता आई मुलाचं कौतुक करणारच. पण १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाच्या १३,००० च्या वर चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला आणि त्यातल्या दोन तृतीयांशांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. तिसरा साक्षीदार परका, पेरिप्लस नावाची ग्रीक खलाशाची माहितीपुस्तिका, त्यात पैठण आणि तगर म्हणजे तेर इथून माल गुजरातमधल्या भडोच बंदराला जातो असं लिहिलंय, आणि तेरच्या मातीत खरंच रोमशी व्यापाराच्या खुणा मिळतात.

पण ते 'आपले' होते का?

हा प्रश्न येतोच, आणि त्याच्यामागे बहुतेकदा जात, भाषा किंवा मालकी असते. इथे फार जपून राहा. जोर्वे पद्धतीचं मडकं वापरणारा कुठली भाषा बोलत होता ते मडकं सांगत नाही, आज सगळे स्टीलची ताटं वापरतात म्हणून सगळे एका कुळातले होत नाहीत. प्राचीन डीएनए हे नवं साधन आलंय पण आपली उष्ण हवा त्याला मारते. हरियाणात राखीगढी या हडप्पा संस्कृतीच्या जागी ६१ नमुने तपासले, त्यातल्या फक्त एका बाईचा वापरता येण्यासारखा डीएनए मिळाला आणि २०१९ चा तो गाजलेला शोधनिबंध त्या एकटीवर उभा आहे. एका बाईवरून बरंच कळलं, पण तेवढ्यावरून इनामगावच्या लोकांना कुणाचे पूर्वज ठरवायला जाऊ नका. त्यांनी काय पेरलं, काय खाल्लं, लेकरं कशी पुरली हे कळतंय, मला ते पूर्वज ठरवण्यापेक्षा खूप जास्त वाटतं.

सापडलंच तर

जमिनीत काही मौल्यवान जुनं मिळालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि परवान्याशिवाय उत्खनन कुणालाच करता येत नाही. खापरं-दगड असतील तर राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या जवळच्या कार्यालयाला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला पत्र किंवा ईमेल पाठवा, फोटो, लोकेशन, गट नंबर, तारीख सगळं जोडून. अक्षांश-रेखांश सोशल मीडियावर टाकू नका, गुप्तधनवाले रात्रीत येऊन टेकाड उलथून टाकतात. मूर्ती, वीरगळ दिसली तर धुऊ-रंगवू नका आणि 'सुरक्षित ठेवतो' म्हणून देवळात हलवूही नका.

जेसीबीचं काम चालू असेल, रस्ता, शेततळं, विहीर, तर सगळ्यात आधी खड्ड्याच्या भिंतीचा फोटो काढा, मोजपट्टी उभी धरून, वरपासून खालपर्यंत एका फ्रेममध्ये. राखेची रेघ, खापरांची रांग, चुलीचा लाल डाग जमिनीपासून किती फुटांवर आहे ते लगेच वहीत लिहा, संध्याकाळपर्यंत ती भिंत राहीलच असं नाही. मग ऑपरेटरला आणि मालकाला शांतपणे विचारा की दोन दिवस बाजूने काम करता येईल का. बरेच जण हो म्हणतात.